जॉइनमध्ये कोण गळलं?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हातची एक गोष्ट रोहिणखेडमध्ये अजून कामाला येते. ती म्हणजे शाळेचं दाखलखारीज रजिस्टर. कुणाला जात पडताळणी करायची असते, कुणाला जन्मतारखेचा पुरावा हवा असतो, की माणूस शाळेत जातो आणि मुख्याध्यापक ते जुनं रजिस्टर उघडतात. प्रत्येक मुलाला एक क्रमांक, आणि तो पुन्हा दुसऱ्या कुणाला नाही. नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. व्याख्यानाचा विषय म्हणून ‘कॉलेजातलं रिलेशनल डेटाबेसचं शिक्षण’ असं मी कळवलं, ते या रजिस्टरच्या भरवशावर. ज्या गावात असं रजिस्टर शंभर वर्षं जपलं जातं, त्या गावाला हा विषय परका नाही.

रोहिणखेड हे घाटाखालचं गाव. खुदावंदखान महदवीनं इथली मशीद १५८२ मध्ये बांधली. पुढे १५९१ मध्ये निजामशाहीच्या गादीवरून बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांच्यातली लढाई इथेच झाली. ही नावं आणि ही सालं आपल्याला माहीत आहेत, कारण कुणीतरी ती लिहून ठेवली. त्या काळी इथे शेती करणाऱ्या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत. नोंदीत कोण येतं आणि कोण गळतं, हा प्रश्न म्हणून या गावाला चारशे वर्षांपासून लागू आहे. आज मी त्याची कॉलेजच्या लॅबमधली बाजू मांडणार आहे.

आपली मुलं बुलडाण्याला, मलकापूरला, मोताळ्याला बीसीए किंवा बी.एस्सी. करायला जातात. पहिल्या वर्षी त्यांना टेबल तयार करणं, त्यात रो भरणं, सिलेक्ट लिहून ते परत काढणं शिकवलं जातं. हे लवकर जमतं. खरा कस लागतो तो त्याच्या पुढच्या पेपरात, जिथे एका टेबलाची चार टेबलं होतात, ती परत जोडावी लागतात, रिकाम्या जागांचा अर्थ लावावा लागतो आणि एकाच वेळी दोन माणसांनी तीच नोंद बदलायला घेतली तर काय, हे ठरवावं लागतं. या पेपराला मुलं घाबरतात. तो त्यांना ज्या पद्धतीनं शिकवला जातो, त्या पद्धतीबद्दल माझं म्हणणं आहे.

या शास्त्राचा पाया घातला एडगर कॉड यांनी. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावर १९२३ मध्ये जन्मलेला हा गणिती माणूस, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होता, नंतर अमेरिकेत आयबीएममध्ये गेला. जून १९७० मध्ये त्यांचा निबंध छापून आला. त्या काळी माहिती संगणकात ज्या वाटांनी साठवलेली असे, त्या वाटा माहीत असल्याशिवाय ती परत काढता येत नसे. कॉड यांचं म्हणणं असं की वापरणाऱ्याला या वाटांशी देणंघेणं नसावं. माहिती साध्या तक्त्यांत मांडा, प्रत्येक ओळीला ओळख द्या, आणि काय हवं तेवढं सांगा. कसं काढायचं ते यंत्र पाहील. पुढच्याच वर्षी त्यांनी दुसरा आणि तिसरा नॉर्मल फॉर्म मांडला. १९७४ मध्ये आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी भाषा केली. बॉइस त्याच वर्षी अगदी तरुण वयात वारले. ती भाषा आज एसक्यूएल म्हणून जगभर चालते.

आणि यात महाराष्ट्राचा वाटा आहे, तो विद्यार्थ्यांना माहीत असायला हवा. जगभरच्या कॉलेजांत डेटाबेसचं जे जाडजूड पुस्तक लावलेलं असतं, ते सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं. त्यातले तिसरे लेखक एस. सुदर्शन हे मुंबईत पवईच्या आयआयटीत शिकवतात. त्यांच्या एका कामाकडे मी थोड्या वेळानं येतो.

प्रॅक्टिकलला मुलं वर्षानुवर्षं दोन टेबलांवर हात बसवत आली आहेत: ‘एम्प’ आणि ‘डेप्ट’. ओरॅकल कंपनीनं नमुन्यासाठी दिलेली ही टेबलं. लॉगिन स्कॉट, पासवर्ड टायगर. ब्रूस स्कॉट हे त्या कंपनीचे सुरुवातीचे प्रोग्रामर आणि टायगर ही त्यांच्या घरची मांजर. एम्पमध्ये चौदा कर्मचारी, डेप्टमध्ये चार विभाग: न्यूयॉर्कला अकाउंटिंग, डॅलसला रिसर्च, शिकागोला सेल्स आणि बॉस्टनला ऑपरेशन्स. टेबलं छोटी असली तरी शहाणपणानं बनवलेली आहेत, हे मला आवर्जून सांगायचं आहे. बॉस्टनच्या विभागात एकही कर्मचारी ठेवलेला नाही. किंग नावाचा अध्यक्ष आहे, त्याच्या वरच्या साहेबाची जागा रिकामी आहे. टर्नर नावाच्या विक्रेत्याचं कमिशन शून्य आहे, आणि दहा जणांच्या कमिशनची जागाच रिकामी आहे. बनवणाऱ्यानं शिकणाऱ्यासाठी ही गाळलेली जागा मुद्दाम ठेवली असं मी समजतो, कारण सगळं खरं शिक्षण तिथेच आहे.

दोन्ही टेबलं साध्या जॉइननं जोडा. चौदा ओळी येतात. मुलं त्या जर्नलमध्ये उतरवतात, सर सही करतात, काम संपतं. पण चार विभागांपैकी उत्तरात तीनच आले. बॉस्टन गळलं. कुठे एरर नाही, लाल अक्षर नाही, यंत्रानं तक्रार केली नाही. जोडणी चाळणीसारखी चालते: ज्याला जोडीदार सापडला नाही तो खाली पडतो आणि वर राहिलेलं धान्य स्वच्छ दिसतं. बॉस्टन ठेवायचं असेल तर आउटर जॉइन लिहावा लागतो. हे वाक्य प्रत्येक मुलाला पाठ असतं. मात्र व्हायवाला एक्स्टर्नलनं ‘या उत्तरात कोण आलं नाही?’ असं विचारलेलं मी फार कमी ऐकलं आहे. प्रश्न येतो तो ‘जॉइनचे प्रकार किती’ असा.

आता पवईच्या कामाबद्दल. विद्यार्थ्यानं लिहिलेली क्वेरी बरोबर आहे की चूक, हे कसं तपासायचं? थोडा डेटा भरायचा आणि उत्तर जुळतं का पाहायचं, ही नेहमीची रीत. पण डेटात बॉस्टन नसेल, म्हणजे प्रत्येक विभागात माणूस असेल, तर साधा जॉइन आणि आउटर जॉइन दोन्ही एकच उत्तर देतात. चुकीची क्वेरी बरोबर ठरते. सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एक्सडेटा’ नावाची यंत्रणा तयार केली. ती क्वेरी वाचते, त्यात कोणकोणत्या चुका होऊ शकतात ते मांडते, आणि प्रत्येक चूक उघडी पडेल असा डेटा आपोआप बनवते. चूक लपून राहण्याची सोय ती काढून घेते. उत्तरं जुळवून पाहण्याआधी, ज्यामुळे उत्तर बदलेल अशी ओळ डेटात आहे का ते पाहा, असं हे संशोधन सांगतं. ही दृष्टी मला आपल्या कॉलेजांत हवी आहे, आणि ती आणायला पवईची यंत्रणाही लागत नाही. आपल्या गावाच्या कागदांत अशा ओळी खच्चून भरलेल्या आहेत.

सातबारा घेऊ. इथे बसलेल्या प्रत्येक घरात तो आहे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख: गट नंबर, क्षेत्र, आकार, कब्जेदारांची नावं, इतर हक्क. नमुना बारा हा पिकांचा. नमुना आठ-अ म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एका ठिकाणी. नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. तलाठ्यांना, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हे नमुने तोंडपाठ असतात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला मी म्हणतो, हे टेबलांत मांड. तो पहिल्यांदा एकच टेबल करतो, गट नंबर आणि मालकाचं नाव. मग त्याला आठवतं की त्यांच्या गटात त्याचे दोन काका आणि आत्याही आहेत. एका गटाला अनेक खातेदार, एका खातेदाराचे अनेक गट. म्हणजे तिसरं टेबल हवं, ज्यात गट, खातं आणि त्या खात्याच्या वाट्याचं क्षेत्र येईल. पुस्तकातली ‘मेनी टू मेनी’ नावाची कल्पना, जी समजावायला दोन तास जातात, ती आत्याच्या नावानं पाच मिनिटांत समजते. आणि आठ-अ वेगळा साठवायचाच नाही, ते फक्त त्याच माहितीकडे खातेदाराच्या बाजूनं पाहणं आहे, हे कळलं की ‘व्ह्यू’ कशाला म्हणतात ते वेगळं शिकवावं लागत नाही.

तिसरं टेबल न करण्याची किंमत काय असते, तेही याच कागदावर दिसतं. जुन्या सातबारावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असा शेरा असे, एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावाबहिणींची, कब्जेदाराच्या जागी नाव एकाचं. कागदावर एका नावाची जागा होती, म्हणून एक नाव बसलं. मग वर्षं गेली, शेऱ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि मॅनेजर होता तो मालक समजला गेला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, पुढे २००५ मध्ये तो देशभर झाला. पण हक्क कायद्यात आला म्हणून नाव नोंदीत येतंच असं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती चळवळीत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं. ती चळवळ आर्थिक होती, सामाजिक होती, आणि एका अर्थानं टेबलात नवी ओळ घालण्याची होती. टेबलाची रचना करणारा माणूस कुणासाठी जागा ठेवायची हे ठरवत असतो. मुलांना नॉर्मलायझेशन शिकवताना ‘डेटा दोनदा लिहिला जाऊ नये’ एवढंच सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धं आहे. एका चौकटीत एकच नाव मावतं म्हणून बाकीची नावं बाहेर राहू नयेत, हा त्याचा दुसरा अर्धा भाग.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट, आणि मला तिचा अभिमान वाटतो. सातबारावर मयत खातेदारांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात होते. जमिनीची नोंद महसुलात असते. दोन टेबलं, दोन कचेऱ्या, आणि दोघांना जोडणारा समान क्रमांक नाही. माणूस एका टेबलात वारला आणि दुसऱ्यात कब्जेदार राहिला. मग वारसांना पीककर्ज मिळत नाही, नुकसानीचं अनुदान अडकतं, विमा अडकतो. २०२५ च्या मार्चमध्ये बुलडाणा जिल्ह्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली आणि एप्रिलपासून शासनानं ती राज्यभर नेली. पद्धत पाहा. गावोगाव चावडीवाचन करायचं, मयत खातेदारांची यादी काढायची, वारसांकडून मृत्यूदाखला आणि बाकीचे कागद घ्यायचे, वारस ठराव करायचा आणि फेरफार घेऊन सातबाराला वारसांची नावं लावायची.

चावडीवाचनाकडे मी माझ्या विद्यार्थ्यांचं लक्ष मुद्दाम वेधतो. दोन टेबलांत समान की, म्हणजे जोडणारा क्रमांक, नसेल तर जॉइन लिहिता येत नाही. मग काय करायचं? नोंद मोठ्यानं वाचायची आणि ज्यांना माहीत आहे त्यांना ऐकू द्यायची. म्हातारी सांगते, अरे तो तर मागच्या दुष्काळात गेला. दुसरा सांगतो, त्याला दोन पोरी आहेत, एक चिखलीला दिली आहे. संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी जुळवून घेतानाही महाराष्ट्रात चावडीवाचन केलं गेलं होतं. ज्याला जुनाट पद्धत समजून आपण सोडून देऊ, ती गळलेल्या ओळी शोधण्याची उत्तम रीत आहे. ती डेटाबेसच्या अभ्यासक्रमात शिकवली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

जोडणी चुकली तर काय होतं, हे महाराष्ट्रानं २०१७ च्या कर्जमाफीत पाहिलं. दीड लाखापर्यंतचं कर्ज, कुटुंब हा घटक. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचे, बँकांनी आपल्याकडची खात्यांची माहिती द्यायची, दोन्ही जुळलं की नाव ‘ग्रीन लिस्ट’मध्ये. तो शब्द तेव्हा प्रत्येक पारावर ऐकू येत असे. हा सरळ जॉइन होता, एका बाजूला अर्ज, दुसऱ्या बाजूला बँक. नावात, आधार क्रमांकात, खात्यात थोडाही फरक पडला की माणूस चाळणीतून खाली. तो अपात्र आहे असं कुणी ठरवलं नव्हतं, तो फक्त जुळला नव्हता. दोन्हींत किती फरक आहे! २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत ही रचनाच बदलली. अर्ज भरायचा नाही. बँकेची माहिती हाच पाया, प्रत्येक कर्जखात्याला एक विशिष्ट क्रमांक, ती यादी गावात लावायची, आणि शेतकऱ्यानं जाऊन आधारवर अंगठा देऊन रक्कम बरोबर आहे की नाही ते सांगायचं. पुस्तकाच्या भाषेत सांगायचं तर दोन स्वतंत्र याद्या नंतर जुळवण्याऐवजी एकच यादी घेतली आणि तिला की दिली. दोन्ही योजनांच्या राजकारणात मला जायचं नाही. तिसऱ्या सेमिस्टरच्या मुलाला ‘प्रायमरी की का हवी?’ याचं उत्तर या दोन योजनांच्या रचनेतून जसं कळतं, तसं दुसऱ्या कशातून कळत नाही.

कीचा मुद्दा निघालाच आहे तर गावाच्या नावाचं पाहू. आपल्या जिल्ह्याचं नाव कुणी बुलडाणा लिहितं, कुणी बुलढाणा. आपलं गाव कुणाच्या कागदात रोहिणखेड, कुणाच्या रोहणखेड. माणूस दोन्ही वाचून एकच समजतो. यंत्राकडे जिल्हावार बेरीज मागितली तर ते दोन जिल्हे दाखवतं. त्याहून अवघड प्रकार ‘वऱ्हाड’मध्ये आहे. ‘ऱ्ह’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन वेगळ्या रीतींनी टाइप होतं आणि पडद्यावर अगदी सारखं दिसतं. एका ऑपरेटरनं एका रीतीनं टाइप केलेलं वऱ्हाडे आडनाव दुसऱ्यानं दुसऱ्या रीतीनं टाइप केलेल्या वऱ्हाडेशी जुळेलच असं नाही, आणि डोळ्यांनी कितीही पाहिलं तरी कारण सापडत नाही. म्हणून नाव ही की नव्हे. गावाला कोड आहे, तो नव्या सातबारावर छापलेला असतो. नाव माणसासाठी, कोड जोडणीसाठी. मराठी डेटा घेऊन सराव केला नाही तर हे कळणार कसं? एम्पमधल्या स्मिथ आणि किंग यांच्या नावांत ‘ऱ्ह’ येत नाही.

आणि आता या सगळ्यातलं जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, त्या रिकाम्या जागेकडे येऊ. डेटाबेसमध्ये तिला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरी अक्षरंही नव्हेत. नल म्हणजे ठाऊक नाही. टर्नरचं कमिशन शून्य आहे हे ठाऊक आहे. रिकाम्या जागेच्या त्या दहा जणांचं कमिशन ठाऊक नाही किंवा लागूच नाही. गाव नमुना बारात पिकाच्या जागी ‘पड’ लिहिलेलं असेल तर ती जमीन पेरलेली नाही हे कळलेलं आहे. जागा रिकामी असेल तर पाहणी झालीच नाही एवढंच कळतं. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून पिकाचा फोटो काढून नोंद करायची झाली. ज्याला ते जमलं नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, त्याचं पीक रानात उभं असतं आणि टेबलात नल असतो. आता ‘कापूस सोडून इतर पीक असलेले गट दाखव’ अशी क्वेरी लिहा. नल असलेले गट त्यात येणार नाहीत. ‘कापूस असलेले दाखव’ म्हणा, त्यातही येणार नाहीत. दोन्ही याद्यांची बेरीज केली तरी गाव पूर्ण होत नाही.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे आणि ती ऐकून वर्गात मुलं गप्प होतात. स्कॉटच्या टेबलात विचारा: ज्यांच्या हाताखाली कुणीच नाही असे कर्मचारी कोण? चौदापैकी सहा जण कुणाचे ना कुणाचे साहेब आहेत, तेव्हा उत्तर आठ यायला हवं. मुलगा सरळ लिहितो, ज्यांचा क्रमांक साहेबांच्या क्रमांकांच्या यादीत नाही ते, म्हणजे ‘नॉट इन’. उत्तर येतं: एकही ओळ नाही. का? कारण किंगच्या साहेबाची जागा नल आहे आणि तो नल यादीत शिरला. आता स्मिथ या यादीत नाही असं यंत्राला छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण यादीतलं एक नाव ठाऊक नाही, कोण जाणे तोच स्मिथ असेल. म्हणून ते कुणालाच बाहेर काढत नाही. एका रिकाम्या जागेनं आठ माणसं नाहीशी केली.

स्मिथच्या जागी खातेदार ठेवून पाहा. गारपीट झाली, अनुदान वाटलं. तहसीलदारांनी विचारलं, अनुदान न मिळालेले खातेदार किती? कुणीतरी ‘नॉट इन’ लिहिलं. वाटपाच्या यादीत एका ओळीत खातेक्रमांक भरायचा राहिला होता. उत्तर आलं, कुणीही नाही. अहवालात लिहिलं गेलं की वाटप शंभर टक्के. कुणी खोटं बोललं नाही, कुणी पैसे खाल्ले नाहीत, प्रोग्राम बंद पडला नाही. आणि गावातल्या वंचित माणसाला सांगितलं जातं की संगणकात तू शिल्लक दिसत नाहीस. ही परिस्थिती मी सरावासाठी रचलेली आहे. पण ती घडू द्यायची नसेल तर ‘नॉट इन’ऐवजी ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहिता येणारी, आणि त्याआधी ‘शून्य उत्तर आलं, यावर विश्वास ठेवू का?’ असं विचारणारी पोरं आपल्याला हवीत. ती पोरं याच गावातून जातात. उद्या सेतू केंद्रात, बँकेत, पुण्याच्या कंपनीत, मंत्रालयात ती क्वेरी त्यांच्याच हातची असेल. म्हणून हा विषय मला एवढा जिव्हाळ्याचा वाटतो.

ट्रान्झॅक्शनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते गावाला आधीच माहीत आहे. खरेदीखत झालं की लगेच सातबारा बदलत नाही. फेरफार धरला जातो, नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं, नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबाराला अंमल दिला जातो. धरलेली नोंद आणि प्रमाणित नोंद यांत जो फरक, तोच कमिट होण्याआधीच्या आणि नंतरच्या बदलात. आणि जुनं नाव पुसलं जात नाही, त्याला कंस पडतो आणि फेरफार क्रमांक लागतो. अपडेटची एक ओळ लिहून भूतकाळ मिटवून टाकणाऱ्या विद्यार्थ्यानं हा कंस नीट पाहावा. आपल्याकडे वीज जाते हीसुद्धा या धड्यात अडचण नाही. एका मशीनवर कमिट केलेली ओळ, दुसऱ्यावर कमिट न केलेली, दोन्ही चालू असताना लाइट गेली, परत आल्यावर कोणती राहिली ते पाहा. मुंबईच्या वातानुकूलित लॅबमध्ये हा प्रयोग करायला प्लग ओढावा लागतो.

रचना बदलते तेव्हा काय होतं, याचं ताजं उदाहरणही शासनानं दिलं आहे. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलामुलींचं नाव शासकीय कागदपत्रांत आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचं, असा मंत्रिमंडळानं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला. मला हा निर्णय मनापासून आवडला. डेटाबेसच्या वर्गात त्याच दिवशी प्रश्न यायला हवा होता: आईच्या नावाचा कॉलम टेबलात घालताना तो रिकामा ठेवायला परवानगी द्यायची का? नाही म्हणालात तर त्याआधी जन्मलेल्या सगळ्यांच्या ओळी अडतील. हो म्हणालात तर नव्या मुलांच्या ओळींतही कुणीतरी तो रिकामा सोडेल. मग जन्मतारीख पाहून अट घालायची. ही ‘चेक कन्स्ट्रेंट’, आणि तिच्यामागे प्रत्येक आई आहे.

आता कॉलेजांकडे आणि गावाकडे माझी मागणी. एम्प-डेप्ट टाकून देऊ नका, ती टेबलं चांगली आहेत. पण त्यांच्या शेजारी गट, खातेदार, वाटा, फेरफार, पीक पाहणी अशी पाच टेबलं आणा. यात एक पथ्य कडक पाळायचं: कुणाचीही खरी माहिती घ्यायची नाही. सातबारा ऑनलाइन दिसतो म्हणून शेजाऱ्याचा उतारा उचलून लॅबच्या मशीनवर भरणं हे चुकीचं आहे, आणि देशात २०२३ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. नमुना खरा, नावं कल्पित. ती नावं कशी असावीत, कुटुंबं कशी फुटतात, नोंदी कुठे अडतात, हे मात्र गावातल्या जाणत्यांना विचारा. निवृत्त तलाठी, सोसायटीचे गटसचिव, कोतवाल, शाळेचे मुख्याध्यापक यांना वर्षातून एकदा लॅबमध्ये बोलवा. ज्या ओळी पवईची यंत्रणा डोकं लावून तयार करते, त्या ही मंडळी चहा पिता पिता सांगतील.

पुढे बसलेल्या मुलामुलींसाठी पहिला सराव इथेच देतो, वही काढा. खातेदारांचं टेबल करा, वीस ओळींचं. त्यातले दोन मयत ठेवा. एका बहिणीचं नाव फक्त इतर हक्कात ठेवा. एकाचं आडनाव वऱ्हाडे, दोन टेबलांत दोन रीतींनी टाइप केलेलं. एकाचं पीक ‘पड’, एकाचं रिकामं. अनुदान वाटपाच्या टेबलात बारा ओळी, आणि त्यातल्या एका ओळीत खातेक्रमांक भरू नका. प्रश्न एवढाच: ज्यांना अनुदान मिळालेलं नाही त्या सगळ्यांची यादी काढा. उत्तरात किती नावं यायला हवीत, आणि त्या बिनक्रमांकाच्या ओळीमुळे एखाद्याबद्दल ‘मिळालं’ की ‘नाही मिळालं’ हे ठरवताच येत नाही का, ते आधी हातानं मोजून वहीत लिहा. मग मशीनपुढे बसा.